उताणं पोहणं

आबा, मी पुन्हा पोहायला लागलेय. पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना डोक्यावर रबरी टोपी चढवून शिरूरच्या पोहण्याच्या तलावात बायकांच्या बॅचला जाते. तुम्ही असता तर आधी टोपीलाच हसला असता. पण ही हौस नाही. बावीस वर्षं मी एसटीच्या गाडीत उभ्यानं तिकिटं काढली, शिरूर-दौंड रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या कमरेला पाठ आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात एका गतिरोधकावर ती जी धरली ती सुटेचना. डेपोनं मला आरक्षणाच्या खिडकीत बसवलं. सगळे म्हणतात, बसून काम मिळालं, नशीब काढलंस. मला मात्र त्या काचेमागं गुदमरायला होतं. मला माझी गाडी परत हवीय. डॉक्टरांचं म्हणणं, पाठीचे स्नायू पार ढिले पडलेत, पोहून ते घट्ट करा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही पाठ अशीच असली तर कायमची खिडकी.

पहिल्या दिवशी मी ऐटीत गेले. वडगाव रासाईच्या विहिरीत शिकलेल्या बाईला कोण काय शिकवणार? उडी टाकली, मान वर काढली आणि सपासप हात मारत निघाले, ती थेट शेजारच्या बाईच्या अंगावर. पुन्हा निघाले, पुन्हा तेच. विहीर गोल, आपण कायम कडेकडेनं फिरत पोहलेलो. माझं अंग आपोआप डावीकडं वळतं. शिकवणारी मुलगी केंदूरची, माझ्या लेकीच्या वयाची. ती पोट धरून हसली आणि मग नीट समजावून सांगायला बसली. फ्रीस्टाइलनं खांदे आणि दंड भरतात, दम वाढतो. ब्रेस्टस्ट्रोक मांड्यांना आणि छातीला चांगला, पण माझ्यासारखी मान वर ठेवून मारला तर कमरेत बाक पडतो. बटरफ्लायमध्ये सगळं अंग घुसळून निघतं, त्याचं मी सध्या नावही काढायचं नाही. माझ्या पाठीला खरा उपयोग बॅकस्ट्रोकचा. तो कसा, असं विचारलं तर म्हणाली, उताणं पडून. मी सरळ शिडी धरून बाहेर आले. बाकी सांगशील ते करीन, म्हटलं, हे नको. चार महिने नुसती फ्रीस्टाइल मारली. दंड भरले, दम वाढला, कंबर होती तशीच राहिली.

तुम्हाला आठवतं का माहीत नाही. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलाय, तुम्ही पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभे आहात, पोटाखाली तुमचा हात आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला. एका दुपारी मी पहिल्यांदाच उताणी झाले. कान पाण्यात, पोरांचा गलका एकदम बंद, वर विहिरीएवढं गोल आभाळ. इतकं सुख मला त्याआधी कशानं झालं नव्हतं. तेवढ्यात तुम्ही शेतावरून आलात आणि सगळ्या पोरांदेखत ओरडलात, "पालथी हो! पुन्हा अशी पडल्याली दिसलीस तर हिरीत पाय ठिवायचा न्हाई." दंडाला धरून वर ओढलंत. कधी आवाज न चढवणारा माणूस. मी अकरा वर्षांची होते, आणि मी माझा अर्थ लावला: पोरगी मोठी व्हायला लागली, आबांना लाज वाटली. तो राग मी जपून ठेवला. लग्नात निघताना तुमच्या पाया पडले तेव्हाही होता, तुमच्या दहाव्यालाही होता.

गेल्या महिन्यात आईकडं गेले तेव्हा ती मेथी निवडत होती. मी हसत हसतच म्हटलं, आबांना तेव्हा लाज वाटली, उताणं पडू दिलं नाही, त्या बंदीमुळं आता माझी गाडी जाणार बघ. ती हसली नाही. "लाज कशाची गं? त्याच आठवड्यात नदीतनं बुडून मेल्याली पोरगी काढली व्हती त्यांनी, तुझ्याच वयाची. वर आली तवा अशीच उताणी व्हती. दोन दिस घास गिळला न्हाई." कोणी बुडालं की गाव तुम्हालाच बोलवायचं, हे मला ठाऊक होतं. निरोप आला की तुम्ही ताटावरून उठून जायचात, आल्यावर अंघोळ करायचात आणि कोण, कुठं, काही बोलायचा नाहीत. ही दोन टोकं मी कधी जोडलीच नाहीत. आबा, मला वाईट वाटलं आणि तुमचा रागही आला, नवा राग. एक शब्द सांगितला असतात तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, शिकव. तिनं मानेखाली तळवा धरला. सुरुवातीला कंबर दगडासारखी खाली जायची, नाकात पाणी जायचं. उताणीसुद्धा मी डावीकडंच वळते आणि दोनदा कठड्यावर डोकं आपटून घेतलंय. पण आता सलग सहा फेऱ्या होतात. खांद्याच्या फऱ्यांमध्ये आजवर कधी न जाणवलेलं काहीतरी घट्ट लागतं. खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागत नाही. गुरुवारी तपासणी आहे, आणि मला वाटतं, होईल. दौंडच्या गाडीत मी पुन्हा उभी राहीन.

हे कुठं टाकणार, तुमचा पत्ताच नाही. लिहून घडी घालून ठेवते. एक मात्र अजून जमत नाही. फेऱ्या संपल्या की ती सांगते, डोळे मिटा, अंग सैल सोडा, नुसतं तरंगत राहा. बाकीच्या बायका तशा निवांत पडतात. मी डोळे उघडे ठेवते आणि पाय हळूहळू हलवत राहते, काठावर तुमच्यासारखं कोणी उभं असलं तर त्याला लांबूनच कळावं, की ही जिवंत आहे.