मुखवटेवाल्याची कोरी ओळ

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येत्या रविवारी तू पक्षीमंडळाबरोबर बोटीने तीन तास आत समुद्रात जाणार, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. झोपाळ्यावर बसलं तरी तुला गरगरतं. पण तू का जातोस हे मला माहीत आहे. वहिनीच्या पक्ष्यांच्या वहीत एकच ओळ उरली आहे. तिने ‘मुखवटेवाला’ असं त्या काळ्या तोंडाच्या समुद्रपक्ष्याचं नाव लिहिलं, तारखेची जागा कोरी ठेवली आणि तीन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. ती ओळ तुला भरायची आहे, म्हणून तुला अडवत नाही.

सोबत माझ्या तेलाची बाटली पाठवते आहे. बोटीत चढल्यावर डोक्यावर चांगलं थापून घे, मळमळ जवळ फिरकणार नाही. हसू नकोस.

प्रकृतीला जप आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
ठमी

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं आणि अब्रू गेली.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. पक्ष्यांना बोलवायला ते समुद्रात माशांचं कुजकं तेल ओततात. ते त्यांनी नेमक्या तुझ्यासारख्याच तपकिरी बाटलीत आणलं होतं आणि दोन्ही बाटल्या एकाच खोक्यात होत्या. मी हाताला लागली ती घेतली. वास आला, पण तुझ्या तेलाला नेहमीच वास येतो, म्हणून शंका आली नाही.

दुसऱ्या तासाला मी बादलीत तोंड घालून बसलो होतो. तेवढ्यात डोक्यावर धप्पकन वजन पडलं, चांगलं दीड-दोन किलोचं. बोटीवरचे बावीस जण माझ्याकडे वळले. मग कॅमेरे खटखटू लागले. डॉक्टर कुजबुजले की मुखवटेवाला आहे, हलू नका आणि तोंड मिटा. दातांच्या डॉक्टरने मला तोंड मिटायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ. चाळीस मिनिटं तो माझं डोकं चोचीने तपासत होता. तो उडाला आणि मी मान वर केली, तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

मंडळाचा अकरावा नियम सांगतो की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच पक्षी वहीत लिहायचा. बावीस जणांनी लिहिला. चहा करणाऱ्या खलाशानेही लिहिला. जन्मभर दुकानात बसून लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या, पण मला स्वतःला पक्षी दिसला नाही आणि तुझ्या वहिनीची ओळ मात्र कोरीच राहिली. फार वाईट वाटतं आहे गं.

घरी सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझा,
दादा

---

दि. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं तेल आणि कुजके मासे यांतला फरक तुला कळला नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो हिशेब नंतर करू.

तुला न विचारता मी तुझ्या नावाने तुझ्या मंडळाकडे अकरा पानी अर्ज केला. कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलं ते काही उगाच नाही. माझं म्हणणं असं मांडलं, की बाकीचे बावीस जण केवळ साक्षीदार आहेत, अर्जदार हा खुद्द घटनास्थळ आहे. घटनेची नोंद करायची आणि घटनास्थळाला वगळायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? पुरावा म्हणून फोटो जोडले. एकात तुझं टक्कल फार छान आलं आहे.

त्यांची बैठक साडेतीन तास चालली म्हणे. शेवटी अर्ज मंजूर झाला, विरोधात एकटे डॉक्टर. तेव्हा वही काढ आणि तारीख घाल. शाईनेच लिही. वहिनीला किती बरं वाटेल.

थोरामोठ्यांना नमस्कार. मला विसरू नकोस.

तुझी,
ठमी

---

दि. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मंजुरीचा कागद शिक्क्यासकट मिळाला. डॉक्टर स्वतः घरी येऊन माफी मागून गेले. त्यांच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती, ती मी आवळून दिली. ते गेल्यावर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तसाच बसून राहिलो.

तुला एक खरं सांगायचं राहिलं आहे. तो डोक्यावर बसला होता तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांचा फोन माझ्या नाकासमोर धरला होता, पडद्यावर मला तो दिसावा म्हणून. मी फक्त डोळे उघडायचे होते. मी ते घट्ट मिटून घेतले आणि चक्कर येते असं सांगितलं. ओळ भरली की वही संपली, ठमे. मग तुझ्या वहिनीबरोबर करायचं माझ्याकडे काय उरलं असतं?

मंजुरी परत घ्या असं मी मंडळाला कळवलं. ते पेचात पडले आहेत, कारण पक्षी नको म्हणणाऱ्यासाठी त्यांच्याकडे नियमच नाही.

पुढच्या फेब्रुवारीच्या बोटीत मी तुझी आणि माझी जागा धरली आहे. तू पुढे बसायचंस. मुखवटेवाला येताना दिसला की मला वेळेवर सांग, म्हणजे मला दुसरीकडे बघता येईल.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा