तेहतीसची चिठ्ठी

सोमवार, ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे, म्हणजे परवापर्यंत होतो. ही नोकरी तू शब्द टाकून मिळवून दिलीस, म्हणून आधी तुला सांगतो. शनिवारी काम सोडतोय. चौथं. कुठेच न टिकणाऱ्या बाबांवर गेलाय म्हणतात ते खरंच आहे बघ.

इथे काचेच्या घरात कलिंगडाचे वेल आहेत. डावीकडे ४४ची पाटी, उजवीकडे २२ची. ते आकडे गुणसूत्रांचे, एवढं इथल्या प्रमुख बाईंनी सांगितलंय. उजवीकडचं नरफूल तोडायचं, डावीकडच्या मादीफुलाला हलकेच घासायचं, वर कागदाची टोपी. यातून बिनबियांच्या कलिंगडाचं बियाणं होतं.

परवा बाईंनी त्या बियाण्याची कोवळी मुळं मायक्रोस्कोपखाली धरून गुणसूत्रं मोजली आणि ट्रेवर चिठ्ठी लावली, ३३. मी बोटांवर हिशेब केला. ४४ आणि २२, सहासष्ट. मग अर्धी गेली कुठे? मला ठाऊक आहे कुठे. एकदा कंटाळून एकच नरफूल चार-चार फुलांना घासत सुटलो होतो. पराग पुरला नसणार. घाबरून चिठ्ठी खिशात घातली. बाई ती शोधत होत्या, पाहिलीस का विचारलं, तर मी नाही म्हणून मान हलवली.

रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझा,
भिंगरी

बुधवार, ता. ११ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून आधी कपाळाला हात लावला, मग इतकी हसले की वर्गातली पोरं बघत राहिली. अरे वेड्या, काहीही हरवलेलं नाही. परागातून आणि बीजांडातून झाडाचा अर्धाच वाटा पुढे जातो. ४४ची आई देते बावीस, २२चा बाप देतो अकरा. झाले तेहतीस. पराग कमी पडला असता तर फळ धरलं नसतं, आकडा बदलला नसता. आणि तेहतीसचे दोन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून तर त्या वेलाच्या कलिंगडात बी धरत नाही.

तुझं काम चोख झालंय. चुकली ती मान. चिठ्ठी परत दे आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

आणि बाबांचं नाव पुढे करू नकोस. माणसातही वाटणी हीच. त्यांचं अर्धंच आलंय तुझ्यात. बाकीचं आईचं, जी एकाच शिवणयंत्रावर सव्वीस वर्षं बसली.

जेवत जा. पत्राची वाट बघतेय.
तुझी,
ताई

सोमवार, ता. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारी दुपारी हातात पडलं. बॅग भरून दाराशी ठेवली होती.

चिठ्ठी पँटीबरोबर धुतली गेली होती, नुसता लगदा. तोच बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, चार-चार फुलांचंसुद्धा.  त्या म्हणाल्या की आकडा त्यांना पाठच होता, शोध चालला होता तो चिठ्ठी उचलणाऱ्याचा, आणि तो आपणहून आला नसता तर शनिवारी त्याला काढणारच होत्या. मग पेन पुढे केलं. मी नवी चिठ्ठी लिहिली, बावीस अधिक अकरा, तेहतीस. अक्षर वाकडं आलं, तरी तीच लावलीय.

शर्ट परत खुंटीवर गेलेत. आज सकाळी सहाला आईचं अर्धं कामावर निघालं, बाबांचं अर्धं कुरकुरत मागून आलं.

असाच कान धरत जा.
तुझा,
भिंगरी