चालताना बोलायचं

मंगळवार, संध्याकाळ

गारखेड्यातल्या हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांच्या व्यायामवर्गाचा नियम एकच: जोडीनं बोलत चालायचं, धाप लागून बोलता येईना तर थांबायचं. माझी बायपास झालेली, माझे जोडीदार रशीदभाई, त्यांची फुप्फुसं कापसाच्या जिनिंगमधल्या धुळीनं गेलेली. आज मी पत्रकारितेच्या दिवसांतल्या एका जुन्या बातमीचा किस्सा सांगत तीन फेऱ्या मारल्या. ते नुसती मान हलवत होते. मला वाटलं, किस्सा रंगलाय. मग ते कठडा धरून खालीच बसले, ओठ निळे. वर्ग घेणाऱ्या बाईंनी ऑक्सिजन लावला.

श्वास परतल्यावर म्हणाले, "साहेब, तुम्हाला मधीच कसं तोडायचं? बेअदबी नाय का? आता शेवट तरी सांगा."

सगळे हसले. मला जमलं नाही. नुसती मान हलवत होते... आयुष्यभर प्रश्न विचारून पोट भरलं, आज एक विचारला असता तर? आता किस्से त्यांनी सांगायचे. मी त्यांचा श्वास ऐकत चालेन.