उसनं मत, उसनी खोली

दि. ५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. मु. भुकूम, ता. मुळशी, जि. पुणे.

हे जे कोणी वाचेल त्याची आधी क्षमा मागते. गेले काही महिने मी कोणाशी धड बोललेले नाही. फोन उचलले नाहीत, सणाला कोणाकडे गेले नाही, रोजनिशीतही नुसत्या तारखा आहेत. मी रुसले आहे असा काहींचा समज झाला. तसं नव्हतं. बोलावंसं काही वाटत नव्हतं, एवढंच.

मी गौतमी तुकाराम माझिरे, वय ४६, अविवाहित, पौडला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सोमवारी पुण्यात माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र आज लिहीत आहे. लिहिणाऱ्याचं मन स्थिर असावं लागतं. माझं स्थिर आहे. खरं तर ते हलतच नाही. भीती वाटत नाही हे धैर्य म्हणून लिहीत नाही; काहीच वाटत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकाची विनंती मात्र आहे. ती कलम पाचमध्ये येईल, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

१. राहतं घर, मागच्या परसासह, माझी भाची ज्ञानदा दिग्विजय माझिरे हिला. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा दिग्विजयने बिल्डरला विकला आणि तो भूगावला फ्लॅटमध्ये राहायला गेला, तेव्हा घर आणि रस्त्यालगतची खोली माझ्या वाट्याला आली. वाटणी रीतसर झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. बँकेतली रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधी यांतून आधी दवाखान्याचं देणं फेडावं. उरेल ते ज्ञानदाच्या शिक्षणाला.

३. पुस्तकं महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. रोजनिश्या ज्ञानदाला. तिने वाचल्या तरी हरकत नाही. त्यात इतरांना नावं ठेवली आहेत त्यापेक्षा जास्त मी मला ठेवली आहेत. मागच्या वर्षी ती अठराची झाली, तेव्हा मला म्हणाली, "आत्या, सिरियसली सांग, मी कोणाला मत देऊ?" दरवर्षी मी निवडणूक पद्धतींचा धडा शिकवते. ज्या पक्षाला जेवढी मतं तेवढ्या प्रमाणात जागा, हा त्यातला पाच गुणांचा प्रश्न असतो. मुलं तो पाठ करतात. ज्ञानदाला मात्र मी सांगितलं, तुझं तू ठरव. ते उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याकडे आजही नाही, त्यामुळे वारशात देता येत नाही.

४. अंत्यविधी साधा करावा. माझ्यावर कुठलाही झेंडा घालू नये. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा नाही. दिग्विजय म्हणेल की लोक काय म्हणतील. लोकांना सांगावं की तिनेच लिहून ठेवलंय. फ्लेक्सवर माझ्या फोटोपेक्षा आमदारांचा फोटो मोठा असेल, हे मला माहीत आहे.

५. पौड रस्त्यालगतची खोली.

या खोलीत नवनिर्धार पक्षाचं संपर्क कार्यालय आहे. दिग्विजय पक्षाचा तालुकाध्यक्ष आहे. गेल्या रविवारी तो सफरचंदं घेऊन आला, तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "ताई, ऑपरेशनच्या आधी खोलीचं कागदावर करून ठेव." त्याचा हेतू वाईट नसावा. ती जागा गेली तर त्याचं तालुक्यातलं वजन जाईल, हे खरं आहे. मी बरं म्हटलं. तेव्हापासून हे कलम चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

कारण लिहिणं भाग आहे, नाही तर मी सूड घेतला असं वाटेल.

माझं पहिलं मत लाल बावट्याला होतं आणि गेल्या निवडणुकीपर्यंत सगळी तिकडेच गेली. आमचा उमेदवार कधी निवडून आला नाही. अनामतही राहायची नाही. वरच्या आळीतल्या धोंडाबाई शेडगे आणि त्यांचे यजमान कोंडाजी यांचंही तसंच. कोंडाजी वारले, पण धोंडाबाईंचं मत हललं नाही. अशी पाचपंचवीस घरं होती. गेल्या विधानसभेला लढत अटीतटीची होती. नवनिर्धार पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं की मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत यावी, म्हणून आमचा आमदार पहिल्याच अधिवेशनात अशासकीय ठराव मांडेल. एका ठरावाने पद्धत बदलत नाही, त्याला घटनेत दुरुस्ती लागते, हे मी जाणत होते. पण निदान विषय तरी निघेल, असं मला वाटलं.

दिग्विजय मला घेऊन धोंडाबाईंच्या ओट्यावर गेला.

"काकी, मत दान नका देऊ," तो म्हणाला. "उसनं द्या. आमी निवडून आलो की पद्धतच बदलायला लावतो. मग तुमचं मत वाया जायाचं न्हाई. तुमचं तुमाला परत."

धोंडाबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दिग्या, उसनं न्यायला येणारा भांडं घेऊन येतो. तू तर हात जोडून आलाइस."

तो हसला, मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "आमचं ह्ये असते तर दिलं नसतं. पर देते. उसनं हाय, ध्यानात ठेव."

त्यांनी दिलं. मीही दिलं. उसनं हा शब्द ऐकून त्या घरांपैकी बहुतेकांनी दिलं. मतदानाच्या दिवशी धोंडाबाई बूथवरच्या पोरांसाठी पिठलं घेऊन खोलीवर आल्या होत्या. दिग्विजयच्या पक्षाचा उमेदवार थोडक्यात निवडून आला.

एक अधिवेशन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ठराव मांडला गेला नाही. पंचायत समितीच्या निवडणुकीची बोलणी सुरू झाली, तेव्हा एका संध्याकाळी धोंडाबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "यंदा तुमची मतं आमाला द्या. मागची उसनी हायेत."

त्यांचा हिशेब सरळ होता: गेल्या खेपेला आमची तुम्ही नेली, या खेपेला तुमची आम्हाला. खुर्च्यांवरची पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, "काकी, मत म्हंजी काय वाटीभर साखर हाय व्हय?"

दिग्विजय हसला नाही. हे मी मुद्दाम नोंदवते. तो म्हणाला, "काकी, तसं नसतंय ते."

"मग कसं असतंय?"

दिग्विजयने खुर्ची पुढे सरकवली. त्या न बसताच गेल्या. लाल बावटा त्या निवडणुकीला कोणालाच उभं करणार नव्हता, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर मी दिग्विजयला ठरावाचं विचारलं. खुर्च्या रचता रचता तो म्हणाला, "ताई, ह्याच पद्धतीनं आलोय आपण निवडून. आता बदलायची कशाला?"

पंखा बंद करू का, असं विचारावं तशा आवाजात. तो खोटं बोलला नाही. मला राग यायला हवा होता. घरी येऊन ते वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. राग आला नाही. तेव्हापासून बोलणं कमी झालं.

आता व्यवस्था. खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि लाउडस्पीकर माझ्या पैशांचे आहेत. ते दिग्विजयला दान. परत नकोत.

खोली मात्र त्याला उसनी देत आहे. माझी मैत्रीण अ‍ॅड. अपूर्वा म्हणते की उसनं हा शब्द कोर्टात टिकणार नाही, म्हणून तिने सांगितलं तसंही लिहिते: पुढच्या विधानसभा निवडणुकीच्या मतदानापर्यंत खोली विनामूल्य वापरण्याचा हक्क दिग्विजयला राहील. तोवर तो ठराव विधानसभेत मांडला गेला, तर खोली कायमची त्याच्या मालकीची. मंजूर व्हावा अशी अट नाही. मांडला न गेल्यास खोली ज्ञानदाची.

हे न्याय्य आहे का, याचा मी बराच विचार केला. ठराव मांडणं दिग्विजयच्या हातात नाही. पण आमदारांना तो रोज भेटतो, आणि आठवण करून देणं त्याच्या हातात आहे. मुलीशी वाद घालू नये, ही विनंती. खोली लाल बावट्याला का दिली नाही, असं कोणी विचारील. कुलूप उघडायला यायला तिकडे कोणी उरलेलं नाही.

६. स्वयंपाकघरातल्या फळीवरचं जर्मनचं पातेलं माझ्या मिळकतीत धरू नये. ते धोंडाबाई शेडगे यांचं. पिठलं त्यातूनच आलं होतं. खोलीच्या कोपऱ्यात ते तसंच पडून होतं, धोंडाबाई दारात आल्या त्या संध्याकाळी मी घरी आणून घासलं. त्यांनी ते मागितलं नाही आणि मी नेऊन दिलं नाही. आलेलं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर का होईना काही घालतात. काय घालावं ते मला सुचत नव्हतं. गूळ चालेल. एवढं ठरवायला इतके महिने लागायला नको होते.

मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून अपूर्वाला नेमते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वरचा मजकूर माझ्या हातचा आहे. वाचून पाहिला, बदलावंसं काही नाही.

सही: गौतमी तुकाराम माझिरे

साक्षीदार १: अ‍ॅड. अपूर्वा शरदचंद्र देव, राहणार भूगाव. माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २: धोंडाबाई कोंडाजी शेडगे, राहणार भुकूम. (अंगठ्याची जागा कोरी. कैलास किराणावाला सही करायला तयार होता, मी त्याला नको म्हटलं. त्या अंगठा देतील की नाही, माहीत नाही. विचारायला मला जायचं आहे.)

ठिकाण: भुकूम. तारीख: वरीलप्रमाणे.

उद्या: गूळ आणणे, पातेलंभर.