दार बंद असल्याचा सिग्नल

मंगळ, ४ फेब्रु.

सातच्या आधीच जिन्यात आरडाओरडा. चौथ्या मजल्यावरचे डॉमनिक अंकल चर्चला निघाले होते. म्हणतात, जाळी उघडीच होती, एक पाय आत टाकला आणि लिफ्ट खाली निघाली. गुडघा सोलवटलाय. महिन्यातली तिसरी वेळ. सेक्रेटरी राणे सगळ्यांसमोर म्हणाले, "अंकल, जाळी उघडी असली की लिफ्ट हलतच नाही. झोपेत चालता काय?" मग माझ्याकडे वळून, "काय गं शुभांगी, लिफ्टचं पॅनेल तूच बसवलंस ना? सांग यांना."

सांगितलं. शक्यच नाही, असं मीही म्हणाले. चांगलं ठणकावून.

अंकल पायरीवर टेकले. रुमाल गुडघ्याला बांधला आणि जिन्याने गेले.

दुपारी राण्यांनी अंकलच्या मुलाला, मेल्विनला, दुबईला फोन केला. तो रविवारी येतोय. वसईकडे वृद्धाश्रम बघून ठेवलाय म्हणे. घर बंद करून अंकलना तिथे नेणार.

बुध, ५

ऑफिसात लक्ष नाही. अंधेरीला दिवसभर दुसऱ्यांचे बोर्ड तपासते आणि डोक्यात आपल्या बोरिवलीच्या बिल्डिंगची लिफ्ट.

एकदा नीट लिहून काढते. जाळी बंद झाली की तिच्या लॉकमधून चोवीस व्होल्ट येतात. नव्या बोर्डाला सव्वातीनच्या आसपास चालतात, जास्त दिले की तो जळतो. मध्ये आयसोलेटर हवा होता, दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून फक्त पक्का सिग्नल पुढे सोडणारा. जुनं पॅनेल जळलं ते नेमकं दिवाळीच्या तोंडावर, सगळे माझ्या डोक्यावर बसलेले, दुकानं बंद. दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज पाडलं. आठवड्यात बदलते, असं स्वतःलाच सांगितलं होतं. आज फेब्रुवारी.

पण तरीही. जाळी उघडी म्हणजे लॉक तुटलं, म्हणजे शून्य व्होल्ट. शून्यावर लिफ्ट निघेल कशी? म्हातारपणी होतो माणसाला भास. (हे लिहिताना बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती.)

गुरु, ६

रजा टाकली. साडेसहाला चौथ्यावर. मीटरच्या वायरी पॅनेलमधून जाळीपर्यंत ओढल्या. जाळी उघडी, शून्य. दहा वेळा उघडली, दहा वेळा शून्य. हुश्श केलं.

तेवढ्यात लता बादली घेऊन आली. ती पॅसेज रोज वरून खाली धुवत जाते. चौथ्यावर तिची पहिली बादली, आणि अंकलची चर्चला निघायची वेळ तीच. पाणी फराट्याने जाळीकडे गेलं, लॉकमध्ये शिरलं.

०.४. मग १.१. मग १.९.

जाळी सताड उघडी. एक पॉइंट नऊ म्हणजे बोर्डाच्या लेखी जाळी बंद.

वॉचमनला वरूनच ओरडून बटण दाबायला सांगितलं. लिफ्ट गेली. माझ्यासमोरून, उघड्या जाळीतून. खाली काळोखी पोकळी. मी जिन्यावर बसले.

जुन्या पॅनेलमध्ये रिले होता, चुंबकाने ओढला जाणारा स्विच. त्याला ओढायला दमदार करंट लागायचा, ओलाव्यातून पाझरणाऱ्या करंटने तो हलला नसता. आयसोलेटरही फसला नसता. तो रिले मी काढून भंगारात दिला, आणि त्या जागी दोन रेझिस्टर.

मेन स्विच पाडला, पाटी लावली. राण्यांना सगळं सांगितलं. घाबरले की ते मालवणीवर येतात. "हळू बोल गो. दुरुस्त कर आणि गप रव. लोकांका कळला तर तुझ्या नावान बोंब मारतले."

"आणि अंकल?"

"तेंचा काय, मुलगो येताच हा."

शुक्र, ७

आयसोलेटर बसवला. मोटरची लाइन थेट तोडणारा रिलेही. लताला तीन बादल्या ओतायला लावल्या, मीटर जागचा हलला नाही. तरी लिफ्ट बंदच ठेवलीय, बाहेरचा इन्स्पेक्टर बघेपर्यंत. माझ्या शब्दावर आता चालू करायची नाही. सगळी बिल्डिंग शिव्या घालतेय, घालू दे.

संध्याकाळी अंकलकडे निघाले. तिसऱ्यावरून परत आले. मी भित्री आहे.

शनि, ८

गेले एकदाची. अंकल कपाट रिकामं करत होते. गेलेल्या बायकोच्या, बेबीआंटीच्या साड्या एका पिशवीत, हत्यारं दुसऱ्या. गोदीत तीस वर्षं क्रेन चालवली या माणसाने.

"अंकल, लिफ्ट खरंच चालली होती. चूक माझी आहे."

हसले. "तू चांगली पोर आहेस, बाय. माझं मन राखायला बोलतेस."

"मन राखायला नाही हो!"

"मी विचार केला ना. जाळी मीच अर्धवट सोडली असणार. सगळे सांगतात म्हणजे काहीतरी असेल."

पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी त्यांनी मलाच चहा करून दिला. रडायला आलं, पण त्यांच्यासमोर कशाला.

रवि, ९

मेल्विन आला. त्याला आणि अंकलना पॅनेलपाशी नेलं. मोटरची लाइन काढून ठेवली, जुने दोन रेझिस्टर पुन्हा जोडले, जाळी उघडी ठेवली आणि बादली मीच ओतली. १.८.

अंकल खाली वाकून बघत राहिले. पुन्हा ओत म्हणाले. ओतली. मग ताठ उभे राहिले, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "म्हणजे मी बरोबर होतो."

"हो, अंकल. तिन्ही वेळा."

मेल्विनने बादली उचलून बाजूला ठेवली. मग हळूच, "थँक्यू, ताई. पण गेल्या महिन्यात दोनदा डॅडींकडचा गॅस रात्रभर चालू राहिला होता. शेजाऱ्यांनी बंद केला. त्याचं काय करू?"

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

अंकलनी मीटरवरची नजर काढली नाही. "शुभांगी," म्हणाले, "मग तो गॅसपण दुसऱ्याच कुणाच्या चुकीने राहिला असेल का गं?"

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होते, आणि मी रेझिस्टर सोडवत बसले. मेल्विनचं परतीचं तिकीट गुरुवारचं आहे, वसईचं त्याआधी ठरवायचंय.