दादाचं अर्थशास्त्र

अतुलदादा,
जय भीम.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाय. रविवारी तू होस्टेलवर येशील तेव्हा तोंडावरच बोलेन. आधी कागदावर धीर गोळा करते.

मी तुझा विषय सोडला. आपल्या सोयगावात मोठ्याची पुस्तकं घरात असली की धाकट्यानं तेच विषय घ्यायचे. तू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं घेतलीस आणि शिक्षण सोडून कंपनीत लागलास, तसं तुझं अर्थशास्त्र माझ्याकडं आलं. मुख्य विषय ठरवायला कॉलेजातल्या भानुमती मॅडमकडं गेले, तर त्यांनी विचारलं, "अर्थशास्त्र कुणाला आवडतं?"

"दादाला."

"आणि तुला?"

मी म्हटलं, "अजिंठ्याची लेणी कोरणाऱ्यांना भाकरी कोण घालायचं, ते मला शोधायचंय."

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. "मग इतिहास मुख्य घे, जोडीला पाली. मुख्य विषयाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, भरले नाहीत, तर बाकी सगळ्यात पास होऊनही पदवी मिळत नाही. दुसऱ्याच्या आवडीवर ते कसे भरशील?"

दादा, आपल्या घरात स्वतःचा विषय स्वतः निवडणारी मी पहिली. लई ताठ मानेनं बाहेर पडले.

पण दारातून परत फिरले आणि तुझ्या अर्धवट राहिलेल्या बी.ए.चं विचारलं. तुझ्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट अजून तुझ्या नावावर जमा आहेत. थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, म्हणाल्या.

रविवारी पुस्तकांची पिशवी तुझ्या हातात देईन. आतलं तुझं नाव मी कधी खोडलंच नव्हतं.

इतिहासवाली,
करुणा