भाचीने माझा केलेला नाही-मामा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला? माझं क्षेम विचारू नकोस, मी अजून हादरलेलाच आहे.

तुझ्या लेकीला शिकायला माझ्याकडे ठेवलंस, चष्म्याच्या दुकानात मदतही करील म्हणालीस. केली हो मदत! गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले, वाटोळ्या चेहऱ्यावर वाटोळीच फ्रेम चढवून माझ्यापुढे उभे राहिले. मी म्हटलं, छान दिसते. (धादांत खोटं, पण दाढ ठणकत होती, वाद घालायचं त्राण नव्हतं.) त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "मामा, ओरडा ना! त्यासाठी दोन गाड्या बदलून आलोय." आता मी यांचा मामा कधी झालो? मग त्यांनी मोबाइल पुढे केला आणि ताई, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्यात मी! 'नाही-मामा' या नावाने! गिऱ्हाइकांवर "नाही! काढा ती फ्रेम, नाक घाबरलंय तुमचं," असं खेकसणारा. टकलावर दोन चष्मे (एक शोधायला दुसरा लावतो, हे तू जाणतेसच), ती म्हणे माझी ओळख. बघणारे आपल्या अख्ख्या गावाहून जास्त. मी कपाळाला हात लावला, तर तिथेही चष्मा.

तुझ्या लेकीला जाब विचारला, तर शांतपणे सांगते, "मामा, हा तुझा ब्रँड आहे. तू फक्त तुझ्यासारखा वाग." म्हणजे आजवर मी शेजाऱ्यासारखा वागत होतो की काय? पण खरी पंचाईत पुढेच. त्या दिवसापासून मला माझ्यासारखं वागताच येईना. 'नाही' म्हणायच्या आधी मान कुठल्या बाजूला चांगली दिसते, हेच मनात येतं. घरी चहा नको म्हटलं, तर तुझी भावजय विचारते, हे खरं की मोबाइलमधलं? शेवटी माझा तोल गेला. मामाला चव्हाट्यावर मांडलंस, सामान बांध, असं तिला सुनावलं. तिने बांधलंही. आता आलीच आहे तुझ्याकडे, तर चांगली कानउघाडणी कर.

तुझा,
(जगाचा मामा झालेला) धाकटा

ता. क. कानउघाडणी जरा बेतानेच कर. चित्रण तिने फार सुबक केलंय, मी सगळं दोनदा पाहिलं.

ता. क. आणखी एक. लोक विचारू लागले म्हणून मीच एक व्हिडिओ काढून टाकला. त्यात नुसता माझा अंगठा दिसतो. लोकांनी लिहिलं, हा खरा मामा नव्हे.

ता. क. शेवटचा. तिला परत पाठव गं. मोबाइल नाही आणला तरी चालेल, दुकान फार गप्प झालंय. निघताना दारात तिने विचारलं होतं, "मामा, जाऊ मी?" जन्मभर सगळ्यांना 'नाही' म्हणत आलो, आणि तेवढ्या एकदा गप्प राहिलो.